पायपेटी

मावशी, परवा फोनवर तू विचारलंस, "ते लोखंडी धूड नांदेडला कशाला नेलंस बाबा?" तर हे सविस्तर उत्तर. ज्यांना तांत्रिक गोष्टींचा कंटाळा आहे त्यांनी मधला भाग सोडून द्यावा, राग नाही.

ते धूड म्हणजे पायाने दाबायची दहा बटणं आणि शिलाई मशीनसारखी एक पायटी. मी ते माझ्या गिटारसाठी घेतलं होतं. लातूरच्या घरात ते बरेच दिवस पलंगाखाली धूळ खात पडलं होतं. गिटारचं काय झालं ते विचारू नका. असो.

अण्णांना झटका आल्यापासून त्यांचा डावा हात उचलत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. उजवा व्यवस्थित आहे. पण पेटीला भाता लागतो आणि भाता डाव्या हाताचा. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पेटीवर जुनी चादर टाकायला सांगितली आणि तो विषय बंद केला. आई म्हणायची, "मी बसते भाता मारायला." एकदा बसलीही. दोन मिनिटांत अण्णा म्हणाले, "राहू दे." दुसऱ्याच्या श्वासावर कसं गाणार माणूस?

दिवाळीनंतर मी लॅपटॉप आणि एक छोटा कीबोर्ड घेऊन गेलो. त्यात पेटीचा आवाज टाकला. उजव्या हाताने वाजवायचं, रेकॉर्डिंग मी करायचं. अण्णा खुर्चीत, मी शेजारी माऊस धरून. "हं, सुरू," म्हटलं की त्यांची बोटं आखडायची. चुकले की माझ्याकडे बघायचे. चाळीस वर्षं शाळेत मुलांकडे ज्यांनी तसं बघितलं, त्यांना मी परीक्षेला बसवलं होतं! तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन ये." मी बाहेर गेलो तर रेकॉर्डचं बटण कोण दाबणार? तेव्हा पलंगाखालचं धूड आठवलं.

आता तांत्रिक. या यंत्रातून आवाज निघत नाही. निघतात फक्त निरोप: अमुक बटण दाबलं, पायटी अमुक इतकी खाली गेली. या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी, १९८३ पासून चालू आहे. पायटीची पूर्ण चाल ० ते १२७ अशा आकड्यांत मोजली जाते. यंत्राला पाच पिनांची गोल वायर लागते आणि ती लॅपटॉपला लावायला आणखी एक वायर. गंजगोलाईजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी ती पाच पिनांची खुट्टी बघून सांगितलं, "ही तर जुन्या टेपची पिन." खरं आहे, आकार तोच. मिडीसाठी त्या पाचातल्या तीनच कामाला येतात.

लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड, एसटीत धूड मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "शिलाई मशीन का?" मी हो म्हटलं.

पहिली संध्याकाळ पूर्ण वाया. वायरवर "इन" लिहिलंय ते यंत्राच्या "इन" मध्ये घालायचं की "आउट" मध्ये? मी "इन" ला "इन" लावलं. माझ्या वायरीला उलटं हवं होतं. मग रीपर नावाच्या प्रोग्रॅमला यंत्र दिसलं, पण बटण दाबलं की काहीच होईना. तिथे दोन खुणा कराव्या लागतात: एक, या यंत्राचं ऐक, दुसरी, याचे हुकूमही मान. मी पहिलीच केली होती. त्यानंतर आणखी गंमत, बटण एक आड एक दाबलं तरच चाले. यंत्र बटणाला विजेच्या बटणासारखं धरत होतं, एकदा चालू, एकदा बंद. त्याला दाराच्या बेलसारखं करायला अर्धी रात्र गेली. आई दोनदा येऊन "झोप आता" म्हणाली.

शेवटी असं ठरलं: पहिलं बटण रेकॉर्ड, दुसरं थांब आणि ठेव, तिसरं थांब आणि फेकून दे, चौथं सेव्ह. पायटी म्हणजे भाता. पायटी पूर्ण वर आली की आवाज एकदम गप्प होत होता, म्हणून खालची मर्यादा ० वरून ३० वर आणली.

अण्णांनी उजवा पाय ठेवला, दोन सूर लावले आणि म्हणाले, "हा भाता नाही रे. हा नळ आहे. उघडला की उघडाच."

बरोबर बोलले. खऱ्या भात्यातली हवा संपत जाते, सूर विरायला लागतो, म्हणून हात चालू ठेवावा लागतो. ही पायटी जिथे सोडाल तिथे थांबते. यावर माझ्याकडे इलाज नव्हता, अजून नाही.

मी म्हटलं, "अण्णा, पायाने सूर सांभाळणं जमेल ना?" तर त्यांनी मलाच शिकवलं. विलायतेहून आलेल्या मूळ पेट्या पायानेच चालायच्या. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची पेटी पुढे कलकत्त्याला झाली, तिचं श्रेय द्वारकानाथ घोषांना देतात. बालगंधर्वांच्या नाटकांत तर थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन. ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर, भाता पायाशी. "पायपेटी म्हण याला," ते म्हणाले, "कंट्रोलर काय!"

एकच अडचण राहिली. ही बटणं बूट घातलेल्या पायांसाठी केलेली, अण्णा घरात अनवाणी. टाच दुखायला लागली. मग खुर्चीच्या पायाला लावतात ती रबरी बुचं आणून चारही बटणांवर बसवली.

मी लातूरला परत आलो. आईचा फोन: "सकाळपासून सतरा वेळा ते फेकायचं बटण दाबलं त्यांनी. मी मोजलं." आवाज तक्रारीचा होता, पण तक्रार नव्हती.

पंधरा दिवसांनी शेजारच्या मुलाने फाइल पाठवली. एकच भजन, चार मिनिटांचं. मी आधी ते ऐकलं नाही, पडद्यावर पाहिलं. वर सूर आणि खाली पायटीची रेषा. नळ एकदा उघडून सोडलेला दिसेल असं वाटलं होतं. पण रेषा सतत वर-खाली, वर-खाली, शेवटपर्यंत. गरज नसताना अण्णा भाता मारत होते. मधे एक सूर सरळ सरळ चुकलाय. माऊसने तो अर्ध्या सेकंदात जागेवर बसला असता. सतरा वेळा फेकून झाल्यावर हा त्यांनी ठेवला होता, तेव्हा मी हात लावला नाही.

रात्री फोन केला. म्हटलं, "अण्णा, छान झालंय."

"ते राहू दे. तिसऱ्या बटणाचं बूच बदल. पहाटे दिवा न लावता बसतो मी, दुसरं कुठलं आणि तिसरं कुठलं ते पायाला कळत नाही. त्याला काहीतरी खरबरीत लाव."

शनिवारी जातोय. पॉलिश पेपर घेतलाय.