पाठीवरचा भार

घोड्यांच्या शर्यतीविषयी आम्ही लिहावे, हे वाचकांस काहीसे विपरीत वाटेल. पैजेच्या व्यवहाराशी आमचा कधी संबंध आला नाही. परंतु लिव्हरपूलजवळ ऐन्ट्रीच्या मैदानावर १९७३ साली झालेल्या ‘ग्रँड नॅशनल’ची चित्रफीत पुतण्याने परवा घरी दाखविली, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

सव्वाचार मैलांहून अधिक धाव, वाटेत तीस अडथळे. शर्यत हँडिकॅपची, म्हणजे ज्या घोड्याचे बळ अधिक, त्याच्या पाठीवर भारही अधिक. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या क्रिस्पवर १२ स्टोन होते, रेड रमवर १० स्टोन ५ पौंड. तेवीस पौंडांचा हा फरक पहिले चार मैल कोणास दिसलाच नाही. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हा क्रिस्प कितीतरी पुढे होता. मग उरली सुमारे पाचशे यार्डांची मोकळी धाव. तेथे त्याचे पाऊल वाकडे पडू लागले. रेड रमने त्यास अगदी अखेरीस गाठले आणि पाऊण लांबीने शर्यत जिंकली. जुना विक्रम दोघांनीही मोडला होता; नोंद एकाचीच झाली.

शेजारी अण्णा बसले होते. वडील वारले तेव्हा आमचे हे थोरले बंधू सतरा वर्षांचे, आम्ही अकरांचे. शाळा सोडून ते दुकानाच्या गल्ल्यावर बसले. वडिलांचे कर्ज, दोन बहिणींची लग्ने, आमची फी, सारे त्यांनीच वाहिले. आम्ही प्राध्यापक झालो. देवळाच्या सभामंडपात लोक म्हणतात, “धाकट्याने घराण्याचे नाव काढले.” अण्णांसमक्ष म्हणतात, आणि आम्ही ते ऐकून घेतो. शर्यतीत निदान बळ पाहून भार देतात. घरात तो केवळ वयाने मिळतो.

पुतण्याने माहिती पुरविली: त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉन्कास्टर येथे दोघे समान भाराने धावले, तेव्हा क्रिस्प आठ लांबींनी जिंकला.

“बरोबरच आहे,” आम्ही म्हणालो.

“आणि पुढच्या वर्षी नॅशनलमध्ये?” अण्णांनी विचारले.

१९७४ मध्ये ते १२ स्टोन रेड रमच्या पाठीवर होते, आणि तो पुन्हा जिंकला.

“मग झाले तर,” असे म्हणून अण्णांनी पानाचा डबा पुढे ओढला.

आमच्या पाठीवर तसे वजन कधी कोणी ठेवलेच नाही, हे त्यांस सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही.