साफ कागदाची भीती

दृष्टी मंदावल्यापासून जमिनीच्या मालकीच्या शोधाचे कागद माझा शिष्य मोठ्याने वाचतो आणि मी ऐकतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळा झाला, त्याच्याही मागे मालगुजारी उठल्याच्या काळापर्यंतचे फेरफार धुंडाळून मालकीची साखळी अखंड जुळवून देण्यात या मुलखात माझा हात धरणारा अर्जनवीस नाही, असा अभिमान मी आयुष्यभर बाळगला. आजही तो सुटलेला नाही.

परंतु एक प्रश्न या साऱ्या विद्येला पुरून उरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची शेतजमीन बिगर-आदिवासीने विकत घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तिला शासनाची पूर्वमान्यता लागते. म्हणून पैसेवाला स्वतः पुढे येतच नाही, तर आपल्या पदरच्या एखाद्या आदिवासी गड्याच्या नावे खरेदी करवतो. विकणारा गोंड, घेणारा गोंड, जातीचे दाखले अस्सल, सातबारा निर्वेध, दोन्ही अंगठे खरे, आणि तरीही व्यवहार मुळापासून खोटा! दुय्यम निबंधक पक्षकारांची ओळख आणि दस्त करून दिल्याची कबुली पाहतो. रक्कम वास्तविक कोणाच्या गाठीची, हे सांगणारा रकाना कोणत्याही दप्तरात नाही.

अशाच एका खरेदीत घेणाऱ्यास मी जमिनीच्या चतुःसीमा तोंडी विचारल्या, यंदा बांधीत कोणते धान लावणार हेही विचारले. पढवून आणलेला माणूस तीही उत्तरे पढून येतो. शिष्याची मातृभाषा माडिया. तो विकणाऱ्यास बाजूला नेऊन त्याच्या भाषेत बोलू लागला, तेव्हा माझ्या मराठी प्रश्नांना नुसती मान हलवणारा तो माणूस पैसा कोणी मोजला, कोठे मोजला आणि उद्या नांगर कोणाचा चालणार, हे सांगू लागला. कागदावर पोसलेल्या माझ्या अहंकारास हे सोसणे जड गेले.

संगणकातील तयार मसुद्यात नावे बदलून दिवसाकाठी दस्तांचा ढीग उपसणारे आणि सातबाऱ्यासच मालकीहक्क समजणारे आजचे कित्येक दस्तलेखक ही मी आमच्या व्यवसायाची अवनती मानतो. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. तिच्याने हक्क निर्माण होत नाही.

समव्यवसायी बांधवांस माझी विनंती एवढीच, की दोन्ही पक्षकारांना वेगवेगळे बसवून, त्यांच्याच भाषेत, पैशाचा उगम विचारल्यावाचून मसुद्यास हात घालू नये. आणि उत्तर पटले नाही, तर लेखणावळीवर पाणी सोडावे.