अपूर्ण वर्तमानकाळ

पुण्याजवळचे आमचे गाव धायरी अद्याप ग्रामपंचायतीच्या अमलाखाली होते, आणि आमच्या मराठी शाळेत इंग्रजीचा विषय पाचवीपासून सुरू होई, त्या दिवसांत मास्तरांनी अपूर्ण वर्तमानकाळ आम्हांला शिकविला तो पुस्तकातून नव्हे, कवायतीने. एकेकाला ते दाराशी धाडीत, आणि कडी काढता काढताच 'आय ॲम ओपनिंग द डोअर' असे त्याच्याकडून वदवून घेत; कडी आधी निघाली आणि वाक्य मागे रेंगाळले, तर दार लावून सारा विधी नव्याने करावा लागे.

पुढे कचेरीत कारकुनी पत्करल्यावर हाच काळ कर्मणी रूपात माझ्या वाट्यास आला. अर्जदारास उत्तर तर द्यावयाचे, परंतु बांधिलकी कसलीच पत्करावयाची नाही, अशा प्रसंगी 'प्रकरणाचा विचार करण्यात येत आहे' या आशयाचे जे इंग्रजी वाक्य मसुद्यात घालावे लागे, त्यातील 'इज बीइंग' हे शब्द मला अनादि वाटत. वस्तुतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्रज 'द हाऊस इज बिल्डिंग' असेच म्हणत असे, आणि 'इज बीइंग बिल्ट' हा प्रयोग रूढ होऊ लागल्यावर अमेरिकेतील रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७० सालच्या आपल्या ग्रंथात त्याची मनसोक्त निर्भर्त्सना केली. त्यांच्या रागाने काही अडले नाही. आमच्या धायरीत तर हा काळ कायमचाच मुक्कामाला आहे: २०१७ साली गावाचा उरलेला भाग पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेला. तत्पूर्वीपासून चालू असलेली बांधकामे आजही चालूच आहेत, आणि पत्ता सांगताना 'जिथे काम चालू आहे त्याच्या समोर' एवढी खूण येथे पुरत नाही.

आता शेजारची मुले वह्या घेऊन माझ्याकडे येतात. ज्ञान, मालकी, विश्वास अशा स्थितिवाचक क्रियापदांना इंग्रजी सहसा आयएनजी लावू देत नाही. आमची मुले सर्रास लावतात. बेने इस्राएली कवी निस्सीम इझिकेल यांनी या लकबीवर मिस पुष्पांच्या निरोपसमारंभाची कविता रचली आणि सारा देश हसला. परंतु 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' याचा दोष मायबोलीस देता येत नाही, कारण दोन भाऊ 'असत आहेत' असे कोणीही मराठी माणूस म्हणत नाही. तो संस्कार कवायतीचाच, म्हणून साधा वर्तमानकाळ पक्का होईपर्यंत ती लांबणीवर टाकावी, असे माझे मत आहे. 'अंडरस्टँडिंग'ची कथा निराळी. आपल्याला वाटतंय, आठवतंय, कळतंय; ही आपल्या भाषेची चाल आहे, आणि तीच इंग्रजीत उतरते.

तेव्हा शिक्षकांना विनंती एवढीच, की 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' असे म्हणणाऱ्या मुलाचे वाक्य खुशाल सुधारावे, पण गुण कापण्यापूर्वी त्याला काय समजत नाहीये तेही विचारावे.