पाच कामं, एकच दिवस

भोकरदन,
वैशाख

प्रिय ताई,


निवृत्त झाल्यापासून दिवस खायला उठतो, असं तू लिहिलंस. शिवाय आपल्या इतक्याशा मदतीनं कुणाचं काय भलं होणार, असंही विचारलंस. उत्तराची सुरुवात आपल्या गावापासून करतो.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. पैठण-उज्जैन वाटेवरचं हे व्यापारी नगर. १९७३ साली शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा पॉम्पेईतल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी नातं सांगणारी एक मूर्ती निघाली. पण त्याहून नवलाची गोष्ट चारेकशे किलोमीटर दूर, सांचीत आहे. तिथल्या आणि भरहुतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या केळना नदीकाठची माणसं परमुलखातल्या बांधकामाला पदरचं देत होती!

असं दगडावर नाव कोरलं जाणारं दान थोड्यांच्याच हातून होतं. बाकीचे पाणपोई घालतात.

पाणपोई घालणं सोपं, चालवणं कठीण. रांजण रोज घासायचा, विसळायचा, भरायचा. खालची वाळू ओली ठेवायची. गेलेला पेला पुन्हा आणायचा. चैत्रात हार घालून सुरू झालेल्या कितीतरी पाणपोया ऐन वैशाखात कोरड्या पडतात. टिकते ती, जिची सकाळची पाळी कुणीतरी ठरवून अंगावर घेतलेली असते. नुसता कनवाळूपणा तिथं पुरत नाही.

या ‘ठरवून’चा अभ्यास कॅलिफोर्नियात सोन्या ल्युबोमिरस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी विद्यार्थ्यांना सहा आठवडे, दर आठवड्याला परोपकाराची पाच कामं करायला सांगितली. काहींनी ती आठवडाभर विखरून केली, काहींनी एकाच दिवशी उरकली. समाधान वाढलं ते एकाच दिवशी करणाऱ्यांचं. विखुरलेली कामं बहुधा रोजच्या धबडग्यात हरवून गेली.

पैशाचंही तसंच. २००८ साली एलिझाबेथ डन, लारा अॅक्निन आणि मायकल नॉर्टन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सकाळी लोकांच्या हाती पाकिटं दिली. कुणाच्या पाकिटात पाच डॉलर, कुणाच्या वीस. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्चायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. दिवस सरताना दुसऱ्यावर खर्चणारे अधिक आनंदी होते, मग रक्कम पाच असो की वीस.

गाडगेबाबांना असल्या प्रयोगांची गरज पडली नाही. गावात शिरताच त्यांचा खराटा चालू व्हायचा, कीर्तन रात्री. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या अंगावर मात्र चिंध्याच राहिल्या.

आता तुझी शंका. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोच्या एका स्केटिंगच्या मैदानावर थंडीत आलेल्यांना गरम चॉकलेट देऊ केलं. ते स्वतः घ्यायचं की अनोळखी माणसाला देऊन टाकायचं, हे त्यांच्यावर सोडलं; बहुतेकांनी देऊन टाकलं. घेणाऱ्याला किती बरं वाटेल, याचा देणाऱ्यांनी बांधलेला अंदाज कमी ठरला. देणारा वस्तूची किंमत करत बसतो. घेणाऱ्याला भावते ती आपुलकी, आणि ती अंदाजात धरलेलीच नसते. ‘इतक्याशा मदतीनं काय होणार’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

तेव्हा ताई, आठवड्यातला एक वार धर. पेन्शनच्या दिवसांत बँकेत म्हाताऱ्या बायका पैसे काढायची स्लिप हातात धरून उभ्या असतात. त्यांच्या स्लिपा भरून दे, पण आकडा त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. शेजारच्या पोराचा गुणाकार घे. कुणाला दवाखान्यात सोबत हवी असेल तर जा. उरलेली दोन कामं तुझी तू शोध. मात्र महिन्याभरानं कामं बदलत राहा, नाहीतर त्यांचीही ड्यूटी होईल, आणि ड्यूटीतून तर तू नुकतीच सुटली आहेस.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. बँकेत जाताना दोन पेनं ने. एक हमखास परत येत नाही.