अंगात तयार होणारे पाणी

आमच्या घरी ज्वारीची कणगी आहे. आई ज्वारीला चांगले ऊन दाखवून मगच कणगीत भरते. आत पाण्याचा थेंबसुद्धा नसतो. तरी श्रावणात त्यात सोंडे झाले. मला प्रश्न पडला, हे किडे पाणी कुठले पितात?

मी वर्गात विचारले. गुरुजी म्हणाले, "दाण्यात थोडा ओलावा असतो, तो त्यांना मिळतो. शिवाय ते स्वतःच्या अंगात पाणी तयार करतात." सगळी पोरं हसली.

मग गुरुजींनी समजावून सांगितले. लाइट गेल्यावर आपण कंदील लावतो, तेव्हा गार काचेला आतून वाफ धरते. तेल जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो आणि पाणी होते. आपल्या अंगातही अन्न असेच जळते, पण ज्योत नसते आणि हळूहळू जळते. 100 ग्रॅम स्टार्चपासून सुमारे 55 ग्रॅम पाणी होते. 100 ग्रॅम चरबीपासून तर सुमारे 107 ग्रॅम होते! चरबीपेक्षा पाणी जास्त कसे? कारण श्वासातला ऑक्सिजन त्यात मिसळतो.

गुरुजींनी आणखी एका प्राण्याची माहिती दिली. अमेरिकेच्या वाळवंटात कांगारू उंदीर राहतो. तो वाळलेले बी खातो आणि पाणी न पिता जगतो. दिवसा तो बिळात बसतो. त्याची लघवी फार थोडी आणि घट्ट असते. म्हणून अंगातले पाणी वाया जात नाही.

घरी येऊन मी कणगीत हात घातला. ज्वारी कोमट लागली. किडे फार झाले की त्यांच्या अंगाची ऊब आणि ओल धान्याला लागते, मग बुरशी येते. आईने सगळी ज्वारी काढून पाखडली. दोन पायल्या खराब निघाली. आई काही बोलली नाही. उरलेली तिने पुन्हा उन्हात घातली.

मी आजोबांना म्हटलं, "आबा, मग आपल्या ढवळ्याला पाणी कशाला लागतं? तो पण कडबा खातो की." आबा म्हणाले, "अगं पोरी, वैशाखात विहीर आटली तेव्हा पाह्यलं नाहीस का? कडबा पुढ्यात होता, पण त्यानं तोंड लावलं नाही. तहानलेल्या जनावराला चारा गिळवत नाही."

गुरुजींनी त्याचेही कारण सांगितले. बैलाच्या अंगात पाणी तयार होते, पण घाम, श्वास, शेण आणि मूत यांतून त्याच्या कितीतरी पट जाते. माणसाच्या अंगात दिवसाला सुमारे 300 मिलिलिटर पाणी तयार होते. तेवढ्यावर आपले भागत नाही.

कांगारू उंदराचे भागते, ढवळ्याचे नाही. तो बोलूनही दाखवत नाही. म्हणून आता शाळेतून आले की मी दप्तर ठेवते आणि आधी त्याला पाणी दाखवते. तुम्ही पण आपापल्या जनावरांना दाखवा.