पट्टा पडल्यावर

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की बैलांच्या टायरगाडीकडे कुणाचेच लक्ष राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हीच गाडी रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याला, कराडजवळच्या सह्याद्रीला, साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याला ऊस पोचवत असते. उरलेले महिने ती बांधावर नाहीतर उघड्या यार्डात जू टेकून उभी. टायर गेले की आपण रस्त्याला आणि ओझ्याला बोल लावतो. माझ्या मते यातला बराच दोष या उभ्या राहण्याच्या महिन्यांचा आहे, आणि तो टाळण्यासारखा आहे.

उन्हातली अतिनील किरणे आणि हवेतला ओझोन रबराचा पृष्ठभाग तोडत जातात आणि त्याला चिरा पडतात. म्हणून टायर बनवताना त्यात काजळी घालतात, ती किरणे शोषून घेते. आणि मेण घालतात, ते पृष्ठभागावर येऊन ओझोनला अडवते. टायर फिरताना दबते, ताणले जाते, तेव्हा हे मेण वर येत राहते. उभ्या गाडीच्या टायरला ती हालचालच नाही. त्यात हवा हळूहळू उतरते, गाडीचा भार एकाच जागी बसतो आणि तिथली बाजू दुमडून राहते. जत, आटपाडी, माणकडे टायर खराब करण्याचे काम ऊन करते. शिराळा-पाटणकडे पाऊस रिमला गंज चढवतो आणि तो गंज टायरचा काठ खातो.

कुणी म्हणेल, टायर शेवटी घासूनच संपायचे, चिरांची काळजी कशाला? पण घासते ती नक्षी, चिरते ती बाजू, आणि हवेचा दाब बाजूलाही पेलावा लागतो. भरली गाडी उतारावर असताना टायर फुटले तर हिसका बैलांच्या मानेला बसतो. मानेवरचा भार हलका व्हावा म्हणून इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये जुवाखाली टेकणारे चाक तयार केले, त्याचे कौतुक सगळीकडे झाले. बैलांविषयीची तीच कळकळ टायर जपण्यातही दिसायला हवी, आणि त्याला शोध लावावा लागत नाही. चिखल धुऊन टायर कोरडे करावे; चकाकीसाठी तेल, रॉकेल, ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. आसाखाली दगड किंवा ओंडके देऊन चाके अधांतरी ठेवावीत आणि वर जाड गोणपाट टाकावे. चाके काढलीच, तर रिमसकट असलेली आडवी रचावीत. नुसती टायरे उभी ठेवून अधूनमधून फिरवावीत. जागा कोरडी, सावलीची आणि वेल्डिंगच्या कामापासून लांब हवी, कारण त्या ठिणगीतूनही ओझोन निघतो. उघड्यावर पडलेल्या टायरात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, तो धोका तर साऱ्या गावाला.

जागा नाही, ही अडचण एकट्या शेतकऱ्याची खरी आहे. पण वर सांगितले ते गोठ्याच्या आडोशालाही जमते. मालकीचा प्रश्न याहून अवघड. अनेक गाड्या कारखान्याच्या असतात, ऊसतोड मजूर त्या हंगामापुरत्या भाड्याने घेतात आणि पट्टा पडताच बीडकडे परततात. पुढच्या वर्षी ती गाडी कुणाच्या वाट्याला येईल हे ठाऊक नसताना त्यांनी टायर जपावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. गाडी परत घेतानाच टायर तपासणे आणि यार्डात साध्या पत्र्याची शेड उभारणे हे कारखान्याचे काम आहे. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत ही शेड मागावी.