तेरा तालुक्यांची यादी

यादी हा साहित्यप्रकार नव्हे, असे आपण मराठीचे अध्यापक सहसा गृहीत धरतो. यादी प्रशासनाची, साहित्य माणसांचे, अशी आपली सोयीची विभागणी असते. परंतु महानुभावांच्या 'स्थानपोथी'चा विचार केला तर ही विभागणी फार काळ टिकत नाही. श्रीचक्रधर कुठे थांबले, कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाजवळ, एवढीच नोंद करणारा तो ग्रंथ मुळात स्थळांची यादीच आहे. तरीही अभ्यासकाला ती जुन्या मराठीचा आणि यादवकालीन भूगोलाचा ठेवा वाटते, कारण त्या प्रत्येक नावामागे कुणीतरी तिथे पायी गेलेले आहे. आम्ही बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवतो. आमच्या वाट्याला आलेली यादी तेरा नावांची आहे: बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. ही यादी स्थानपोथीसारखी वाचता येईल का, हा प्रश्न आम्हांला अनेक वर्षे सोबत करीत आला आहे.

ही यादी पूर्वापार चालत आलेली नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे 1864 मध्ये पश्चिम वऱ्हाडातून एक जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे नाव आधी नैर्ऋत्य वऱ्हाड, मग मेहकर आणि शेवटी बुलढाणा असे झाले. खामगाव आणि जळगाव हे तालुके तर 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तेव्हाच्या फेररचनेनंतर जिल्ह्यात चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव असे पाचच तालुके होते. आजचे तेरा हे त्या पाचांचेच तुकडे. गावे तिथेच राहिली, त्यांच्यावरची नावे मात्र फिरत राहिली. जिल्ह्याच्या नावाचीही तीच गत. 'भिलठाणा' या शब्दातून ते आले असे सांगितले जाते, आणि बुलढाणा की बुलडाणा हा वाद आजही पाट्यांवर चालूच आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया या राज्यात 159 काउंट्या आहेत. शेतकऱ्याने सकाळी घोडागाडी जुंपून काउंटीच्या ठाण्याला जावे, काम उरकावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, या हिशेबाने त्या एवढ्या लहान आखल्या गेल्या, असे तिथे सांगतात. ही कथा इतिहास म्हणून कितपत खरी, हे इतिहासकारांनी पाहावे. आम्हांला त्यातले माप आवडते. प्रदेश मोजायचा तो मैलांनी नव्हे, माणसाच्या एका दिवसाने. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ 9,661 चौरस किलोमीटर. तेराने भागले तर एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी साडेसातशेच्या आतच जागा येते, म्हणजे जॉर्जियातील सरासरी काउंटीहूनही कमी. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी काम असेल तर त्याला आधी पूर्णेचे खोरे ओलांडावे लागते, मग घाट चढावा लागतो, आणि तिथे साहेब भेटतीलच याची खात्री नसते. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. उलट कापसाच्या व्यापारासाठी खामगावपर्यंत जलंबहून रेल्वेचा फाटा 1870 सालीच पोहोचला होता. खामगाव जिल्हा व्हावा या जुन्या मागणीमागे राजकारण असेलही, परंतु तिच्या तळाशी हा एका दिवसाचा हिशेब आहे.

आमच्याकडे माणसे तालुक्यांपेक्षा 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असा भेद अधिक सहजपणे करतात. अजिंठ्याच्या रांगेने जिल्हा असा काही चिरला आहे की खाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला मिळतो, तर वर बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मेहकरावरून वाहत शेवटी गोदावरीच्या पाण्यातून बंगालच्या उपसागराला जाते. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णाही गोदावरीचीच. एकाच जिल्ह्यात दोन पूर्णा आणि दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना! आणि लोणारच्या विवरात पडलेले पाणी तर कुठल्याच समुद्राला जात नाही. बोलीचेही असेच आहे. खाली खामगाव-शेगावकडे ऐकू येते ती वऱ्हाडी वेगळी, आणि देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शब्द उच्चारताना जीभ मराठवाड्याकडे वळते ती वेगळी. अभ्यासक्रमात मात्र 'वऱ्हाडी बोली' या एकाच शीर्षकाखाली सारे आटोपते.

या यादीतल्या काही नावांना महाराष्ट्रभर ओळख आहे. शेगाव म्हटले की गजानन महाराज, सिंदखेड राजा म्हटले की जिजाऊ, लोणार म्हटले की उल्केचे सरोवर. मेहकर म्हटले की निदान आपल्यासारख्यांना तिथे वकिली करणारे ना. घ. देशपांडे आठवावेत, आणि चिखली तालुक्यातील अमडापूर म्हटले की 'बारोमास'चे सदानंद देशमुख. बाकीच्या नावांचे काय? दरवर्षी पहिल्या तासाला मुले ओळख करून देतात, तेव्हा संग्रामपूर तालुक्यातली मुलगी 'शेगावजवळ' असे सांगते, मोताळ्याचा मुलगा 'मलकापूरकडचा' म्हणतो. हे खोटे नव्हे. समोरच्याला कळावे म्हणून केलेले ते भाषांतर आहे. परंतु आपले गाव दुसऱ्याच्या नावाने सांगण्याची सवय अठराव्या वर्षी लागली, की पुढे आपला शब्दही दुसऱ्याच्या शब्दाने सांगितला जातो. निबंधात 'वावर' खोडून 'शेत' लिहिणारा हात हाच असतो.

ज्या तालुक्यांची नावे अशी गिळली जातात, तिथेच सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून वर्षाच्या पावसापाण्याचे भाकीत सांगतात. त्यावर विश्वास ठेवा वा ठेवू नका, धान्याच्या दाण्यांतून वर्ष वाचण्याची ती एक भाषा आहे. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिणे म्हणजे काय, हे त्याच मुलीच्या घरी ठाऊक असते. आणि त्याच सातपुड्याच्या पायथ्याला निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जिचे नाते निश्चित जुळत नाही, अशी ही भाषा. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. डच भाषाविद कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला भाषाकुळांची कोष्टके फळ्यावर काढतो, आणि त्या कोष्टकात न बसणारी भाषा आमच्याच तेरा नावांतल्या एका नावाखाली श्वास घेत असते.

नवे रस्ते झाले आहेत. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजाकडून जातो, जुना राष्ट्रीय महामार्ग खालून मलकापूर, नांदुरा, खामगाव असा. दोन्हींवरून जाणाऱ्याला बुलढाणा जिल्हा तासा-दीड तासात 'पार' करता येतो. पार करणे आणि पोहोचणे यांत फरक आहे. संग्रामपूरच्या त्या मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी जिथे पोहोचायचे आहे तिथली शेवटची एसटी किती वाजता सुटते, यावर तिचे एम. ए. ठरते. गुणवत्ता, आवड, घरची संमती हे सारे त्यानंतरचे. आमच्या वर्गातून गळालेल्या मुलींचा आम्ही कधी हिशेब मांडला, तर तो नापासांच्या यादीशी जुळत नाही. जुळतो तो बसच्या वेळापत्रकाशी.

म्हणून या वर्षी भाषेच्या प्रकल्पासाठी आम्ही विषय साधा ठेवला आहे. प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या नावाखाली वीस नोंदी करायच्या: नाला, शिवार, टेकडी, पार, विहीर, आणि त्यांना घरातली म्हातारी माणसे ज्या नावाने हाक मारतात ते नाव, त्यांच्याच उच्चारात. प्रमाण रूप देण्याची सक्ती नाही. उद्या जिल्ह्याचे दोन होतील, तालुक्यांचे तेराचे पंधरा होतील. सरकारी यादी बदलेल, ती बदलतच आली आहे. या वह्यांतली नावे मात्र कुणी पायी जाऊन आणलेली असतील. स्थानपोथीच्या कर्त्याने याहून वेगळे काय केले होते?